पहिली तीस भांडी तारेने कापा! गोव्यात राहून पॉटरी शिकायची असेल तर

मी मूळची डिचोलीची, म्हणजे कुंभारांच्या गावची, आणि तरी वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत मी मातीला हात लावला तो फक्त चवथीच्या आधी, गणपतीच्या उंदराची तुटलेली शेपटी चिकटवायला. आता दोन वर्षं झाली शिकतेय. अजूनही मी बिगिनरच आहे, पण काल सुरू केलेल्यापेक्षा थोडी पुढे, आणि मला वाटतं अशाच माणसाने हे लिहावं, कारण जे वीस वर्षं चाकावर बसलेत ते विसरून गेलेत की सुरुवातीला काय काय कळत नाही ते.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते कारण त्यातच पहिला सल्ला आहे. मार्च एंडिंग संपल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीने मला एका दिवसाच्या वर्कशॉपला ओढत नेलं. दोन तासांत चाकावर बाऊल, फोटो, कोकम सरबत, सगळं पॅकेज. झालं काय, माझा गोळा डगमगायला लागला की शिकवणारी मुलगी हसत हसत यायची, माझ्या हातांवर हात ठेवायची आणि पाच सेकंदांत बाऊल पुन्हा उभा. तीन आठवड्यांनी तो भाजून, निळा ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, लावून घरी आला. मी स्टेटसला टाकला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि संध्याकाळी नवऱ्याने बाऊल हातात फिरवून सरळ विचारलं, हा तू केलास? मला हो म्हणता येईना. तो बाऊल अजून आहे घरात, त्यात चाव्या ठेवतो, आणि अजून कुणी विचारलं की मी विषय बदलते.

तर पहिलं हेच, एका दिवसाच्या वर्कशॉपला मजा म्हणून जा, जरूर जा, पण त्याला शिकणं समजू नका. निदान आठ ते दहा सेशनचा कोर्स घ्या. फोन करून चौकशी करताना हे विचारा की भाजणीचे पैसे फीमध्ये आहेत का वेगळे, क्लास नसेल त्या दिवशी येऊन प्रॅक्टिस करता येते का, वस्तू ठेवायला स्वतःची फळी मिळते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, माझं भांडं बिघडत असेल तर तुम्ही ते बिघडू देता का. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस हसून हो म्हणाला तर तिथे जा. गोव्यात अजून एक गोष्ट आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी टुरिस्टांची गर्दी असते आणि शिकवणाऱ्यांचा अर्धा जीव वीकेंडच्या वर्कशॉपमध्ये असतो. मी जूनमध्ये सुरू केलं. पावसाळ्यात माती वाळत नाही हे खरं, त्यावर पुढे लिहिलंय, पण शिकवणाऱ्याला तुमच्याकडे बघायला वेळ असतो.

आणि चाक विकत घेऊ नका!! पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच वाटतं की घरी चाक असतं तर मी रोज बसले असते. नसता बसलात. ट्रेडमिलवर कपडे वाळत घालणारी माणसं आहोत आपण.

चाकाच्या आधी हाताने

माझ्या मॅडमनी पहिले दोन क्लास चाकाला हातच लावू दिला नाही, तेव्हा राग आला होता, आता कळतंय. लिंबापेक्षा थोडा मोठा, साधारण २०० ग्रॅमचा गोळा घ्यायचा, तळहातात धरायचा, अंगठा मधोमध खाली दाबायचा आणि मग गोळा फिरवत फिरवत अंगठा आणि बोटांच्या चिमटीत भिंत पातळ करत जायची. बस, वाटी तयार. हे घरी टीव्हीसमोर बसून होतं, त्याला काही लागत नाही. पण डोळे मिटून करून बघा एकदा. बोटांना जाडी कळायला लागते, कुठे जाड राहिलंय, कुठे आता फाटणार. ही जाणीव एकदा बोटांत आली की चाकावर अर्धं काम सोपं होतं, आणि ती व्हिडिओ बघून येत नाही, मी बघितलेत, ढिगाने.

मातीबद्दल थोडं. अंगणातली लाल माती घेऊन होईल का असं मला बरेच जण विचारतात. आपली गोव्याची माती जांभ्याची, लोखंडाने लाल, पण लाल आहे म्हणजे भांड्याची आहे असं नाही. एक सोपी टेस्ट आहे. ओली करून करंगळीएवढी जाड वळकटी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या तर चिकटपणा कमी आहे, सोडून द्या. कुंभार शेतातली नाहीतर तळ्याकाठची चिकणमाती घेतात, ती भिजवतात, खडे काढतात, तुडवतात, त्यात बारीक वाळू वगैरे मिसळतात, त्यामागे पिढ्यांचा हिशेब असतो. आपण सुरुवातीला स्टुडिओची तयार माती घ्यावी. तिच्यात साधारण दोन प्रकार मिळतात, एक टेराकोटा, जी १००० डिग्रीच्या आसपास भाजतात आणि जी पाणी झिरपू देते, आणि दुसरी स्टोनवेअर, जी १२०० डिग्रीच्या वर जाते आणि दगडासारखी घट्ट होते. चहाचा कप हवा असेल तर दुसरी. माठ पाणी गार करतो तो याच झिरपण्यामुळे, बाहेर आलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणूनच घाटावरच्या नातेवाइकांकडे माठातलं पाणी दाताला लागतं आणि आपल्याकडे नुसतं बरं लागतं, इथल्या दमट हवेत ते उडणार कुठे.

मळणं

हे कंटाळवाणं आहे आणि ते टाळता येत नाही. कणीक मळतो तसंच, फक्त कणकेत हवा गेली तरी चालते, इथे नाही चालत. तळहाताच्या मुळाने पुढे ढकला, परत ओढा, थोडं फिरवा, निदान चाळीस पन्नास वेळा. मग तारेने मधोमध कापा आणि कापलेल्या भागाकडे बघा. भोकं दिसतायत, किंवा एक पट्टा मऊ आणि एक कडक दिसतोय, तर पुन्हा मळा. चाकावर बसल्यावर हात का उडतोय म्हणून अर्धा तास डोकं फोडलं आणि शेवटी आत लपलेली एक कडक गाठ निघाली असं माझं दोनदा झालंय. गोरोबाकाका माती पायाने तुडवायचे ते उगीच नाही, हाताने दहा किलो मळून बघा म्हणजे कळेल. (त्या तुडवण्यात भजनाच्या तंद्रीत पायाखाली काय आलं ती गोष्ट आपल्याला माहीतच आहे. मी लहानपणी ती ऐकून मातीला घाबरायचे.)

सेंटरिंग, म्हणजे खरी परीक्षा

आता चाक. ५०० ग्रॅमचे सहा गोळे करून घ्या, त्याहून मोठा नको. गोळा चाकाच्या मध्यावर जोरात आपटा, कडा दाबून चिकटवा, हात ओले करा आणि चाक जोरात सोडा. काम एकच, हा वेडावाकडा फिरणारा गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणायचा, असा की चाक फिरत असतानाही तो थांबल्यासारखा दिसेल. सांगायला एक वाक्य, मला तीन क्लास लागले. तीन क्लास म्हणजे सहा तास, फक्त यात. शेजारी एक वीस वर्षांचा मुलगा पहिल्याच दिवशी कप काढून गेला, त्याचं मी आतल्या आत काय काय वाईट चिंतलं ते इथे लिहीत नाही.

चूक काय होते ते सांगते. आपल्याला वाटतं जोर हातात पाहिजे. हातात जोर लावला की खांदे वर जातात, श्वास अडकतो, आणि माती प्रत्येक फेऱ्याला धक्का देते तसा हातही तिच्यासोबत हलतो, म्हणजे आपण तिला वळण लावायच्या ऐवजी तिच्या मागे मागे फिरतो. मॅडम मागे उभ्या राहून बघत होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तिचं ऐकताय." मग त्यांनी माझं डावं कोपर धरून मांडीवर टेकवलं, घट्ट, आणि म्हणाल्या आता हे इथून उठलं तर दंड. डावा तळहात गोळ्याच्या बाजूला, उजवी मूठ वरून, कोपर मांडीला नाहीतर पोटाला टेकलेलं, आणि पूर्ण अंग थोडंसं पुढे झुकलेलं. म्हणजे वजन अंगाचं, हात नुसते खुंटीसारखे. आता मातीच्या धक्क्याला हात हलत नाही, मग तिलाच हलावं लागतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा ते मला दिसायच्या आधी कळलं, हाताखालची खडखड अचानक बंद झाली, जशी बस खड्ड्यांच्या रस्त्यावरून हायवेला लागावी.

अजून दोन गोष्टी यातल्याच. हात काढताना झटकन काढायचे नाहीत, हळूहळू सोडायचे, नाहीतर जमलेलं सेंटर त्याच क्षणी जातं. आणि पाणी कमी. पाणी घातलं की छान गुळगुळीत वाटतं म्हणून आपण घालतच राहतो आणि माती भिजून बसते. नंतर डिचोलीत एका म्हाताऱ्या कुंभाराकडे मी मुद्दाम बघायला गेले होते, त्यांनी माझा हात तीस सेकंद बघितला आणि म्हणाले, "उदक चड जालें." पाणी जास्त झालं. तेवढंच. फी न घेता.

आता पर्सनल ग्रोथ वगैरे. मी ऑफिसात अशी बाई होते की ज्याचा फोन शेवटी आला त्याचं काम आधी. कुणी ओरडलं की मी हलायचे, दुसरा ओरडला की तिकडे. सेंटरिंगने मी बदलले असं म्हणणं फार फिल्मी होईल, पण जुलैमध्ये एकदा दोन डिपार्टमेंटचे लोक एकाच वेळी टेबलाशी उभे होते आणि माझ्या लक्षात आलं की माझे खांदे कानापर्यंत चढलेत. मी कोपरं टेबलावर टेकली. आणि म्हटलं, आधी हे संपवते, मग तुमचं. ते गेले चक्क.

उघडणं आणि उचलणं

हे लवकर सांगते कारण हे शिकवणारा समोर असल्याशिवाय कळत नाही. सेंटर झालेल्या गोळ्यात अंगठे मधोमध खाली न्या, तळाला ७-८ मिलिमीटर माती ठेवा, मोजायला चाक थांबवून सुई टोचून बघायची. मग तळ बोटाने मध्यापासून बाहेर आणि बाहेरून मध्याकडे चांगला दाबून घ्या, तीन चार वेळा. हे विसरलात तर वाळताना तळाला इंग्रजी एससारखी तडा जाते, आणि ती भाजेपर्यंत बऱ्याचदा दिसतही नाही. मग चाकाचा वेग कमी करा, एक हात आत एक बाहेर, खालून माती चिमटीत घ्या आणि हळू वर या. वरपर्यंत जाईपर्यंत थांबायचं नाही, घाई पण नाही. सुरुवातीला फक्त सरळ नळकांडं करा, दहा सेंटीमीटर उंच. बाऊल नको, फुलदाणी तर नकोच. बाऊल आपोआप होतो, भिंत बाहेर पळायला टपलेलीच असते. तिला सरळ उभं ठेवणं हे शिकायचंय.

आता कापा

हा माझा मुख्य मुद्दा आणि यावर माझं क्लासमधल्या सगळ्यांशी भांडण झालंय.

नळकांडं झालं की ते जपून ठेवू नका. तार घ्या, वरून खाली, मधोमध, सरळ कापा आणि दोन्ही अर्धे उघडून बघा. बाहेरून जे ऐटदार दिसत होतं ते आतून काय आहे ते पहिल्यांदा कळेल. माझं पहिलं कापलं तर भिंत वर ४ मिलिमीटर आणि खाली १५, म्हणजे सगळी माती बुडाशीच बसलेली, मी वरचंच खेचत होते. दुसरं तसंच. पाचवं तसंच. सातव्याला खालचा भाग दहावर आला. मी वहीत लिहायचे, तारीख, गोळ्याचं वजन, उंची, खालची जाडी, वरची जाडी, आणि काय वेगळं केलं ते. अकाउंट्सवाली आहे, सवय जात नाही. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे त्या वहीने शिकवलं, वेगही बदलला, पाणीही बदललं, हातही बदलला तर कशाने सुधारलं ते कळणार कसं.

मी तीस कापली. आकडा मॅडमनी दिला नव्हता, मीच ठरवला होता आणि अठराव्याला मोडणार होते. अठरावं खूप सुंदर आलं होतं. पातळ, सरळ, काठ एकसारखा. मी तार हातात घेऊन पाच मिनिटं बसले, शेजारची म्हणाली ठेव गं, वेडी आहेस का, आणि मी जवळजवळ ठेवलंच होतं. मग कापलं. आतून अगदी जवळजवळ बरोबर होतं, आणि मी ते ठेवलं असतं तर मला हे कधीच कळलं नसतं, कारण मी त्याच्याकडे नुसती कौतुकाने बघत बसले असते. एकोणिसावं करताना हात हलका होता. हे मी खोटं सांगत नाही, ठेवायचं नाहीये हे आधीच ठरलेलं असलं की हात वेगळा चालतो.

लोक म्हणतात एवढी मेहनत वाया. वाया काय जाते? कापलेली माती पुन्हा मळली की पुन्हा गोळा. कच्ची माती कितीही वेळा परत भिजवता येते, पण भट्टीत साधारण ६०० डिग्रीच्या पुढे ती कायमची बदलते, मग पाण्यात ठेवा नाहीतर काहीही करा, परत चिखल होत नाही. जोर्वे, दायमाबाद, इनामगाव इथली तीन हजार वर्षांपूर्वीची खापरं आज म्युझियममध्ये आहेत. तुमचा तो तिरका कप पण तेवढाच टिकणार आहे हे लक्षात घेऊन ठरवा काय भाजायचं.

पावसाळा आणि वाळवण

गोव्यात राहणाऱ्याने हा भाग नीट वाचा. इथे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की कपाटातले चपला-पट्टे बुरशी धरतात, तिथे मातीचा कप काय वाळणार. मे महिन्यात एका दिवसात जे भांडं तळ खरवडण्याइतकं, म्हणजे दाबलं तर ठसा उमटेल पण वाकणार नाही इतपत कडक होतं, त्याला जुलैत तीन चार दिवस लागतात, आणि पुरतं वाळायला दोन आठवडे पण. पंख्याखाली ठेवू नका, एका बाजूने वाळतं आणि वाकतं. हेअर ड्रायरने तर नाहीच. काठ आधी वाळतो, बूड शेवटी, म्हणून काठाभोवती प्लास्टिक गुंडाळा आणि भांडं थोडं कडक झालं की पालथं ठेवा. कपाला कान लावायचा तर कप आणि कान दोन्ही सारखे ओले असताना, जोडायच्या जागी सुईने ओरखडे काढून, मध्ये मातीचा घट्ट रबडा लावून, दाबून. एक ओला एक सुका असेल तर वाळताना कान निघून हातात येतो. मेमध्ये उलटा त्रास, जेवून येईपर्यंत कान वाळलेला.

प्लास्टिकमध्ये ठेवलेल्या मातीवर बुरशी आली, काळे डाग पडले, वास आला तर फेकू नका, ती माती उलट जास्त चिवट होते. मळून टाका. आणि लाइट गेली तर घरी जा, चाक बंद पडल्यावर ओल्या भांड्याला "जरा हाताने नीट करते" म्हणून हात लावला की संपलं.

भट्टीत माझं काय झालं

पुरतं वाळलंय का हे ओळखायची एक युक्ती आहे, भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर आत पाणी आहे. रंगावर जाऊ नका.

पहिल्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, भट्टी भरायच्या दिवशी माझा एक जाड बुडाचा मग तयार होता. तीस कापून झाल्यावरचा पहिला, म्हणजे जीव त्यात. मॅडमनी विचारलं वाळलाय ना? मी गालाला लावला होता, गार लागला होता, आणि मी हो म्हटलं. चवथीला पाहुणे येणार होते, मला तो दाखवायचा होता, बाकी काही कारण नाही. पाण्याची वाफ झाली की ते जवळजवळ १७०० पट जागा मागतं, आणि मातीच्या भिंतीत ती जागा नसते. मग फुटला. नुसता फुटला नाही, शेजारी ठेवलेला क्लासमधल्या एका काकूंचा बाऊल घेऊन फुटला, त्यांनी नातवासाठी केला होता, त्यावर मासा कोरला होता. हवेच्या बुडबुड्यामुळे भांडं फुटतं असं सगळे म्हणतात आणि मीही त्या दिवशी तेच म्हणू शकले असते, कुणी तपासायला जाणार नव्हतं. आदल्या रात्रीपर्यंत माझा विचारही तोच होता. शेवटी मी सांगितलं की मला माहीत होतं तो ओला आहे. काकू काही बोलल्या नाहीत, आणि ते फार वाईट होतं. त्यांनी पुढच्या आठवड्यात तोच बाऊल पुन्हा केला, मासा मात्र आधीएवढा चांगला आला नाही, त्याच म्हणाल्या.

तर भट्टीबद्दल, पहिली भाजणी १००० डिग्रीच्या आसपास. पहिल्या काही तासांत अगदी सावकाश, पाणी निघून जाईपर्यंत. पुढे ५७३ डिग्रीला मातीतल्या क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या कणांचा, आकार एकदम बदलतो, तिथेही चढताना आणि उतरताना घाई केली तर तडा. मग ग्लेझ, मग दुसरी भाजणी, स्टोनवेअर असेल तर १२०० च्या वर. भट्टी गार व्हायला एक दिवस तरी जातो आणि तोवर झाकण उघडायचं नाही, कितीही जीव खालीवर झाला तरी. आणि भांडं आकसतं, स्टोनवेअर तर साधारण १० ते १२ टक्के. ११ सेंटीमीटरचा ओला मग हातात येईल तेव्हा दहापेक्षा थोडा कमीच असेल, म्हणून ओला असताना तो जरा बेढब मोठाच वाटला पाहिजे.

ग्लेझचं थोडक्यात. बुडाला लावायचा नाही, पुसून काढायचा, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटतं आणि फळीचे पैसे तुम्ही देता. खाण्यापिण्याच्या भांड्याला शिसं नसलेलाच ग्लेझ, हे तोंड उघडून विचारा. घरी एक टेस्ट करते मी, लिंबाची फोड रात्रभर आत ठेवायची, सकाळी तिथला रंग उडाला किंवा चकाकी गेली तर त्यात सोलकढी नको, पेनं ठेवा.

माझा पहिला सगळ्या दिव्यांतून पार पडलेला मग मी आईला डिचोलीला नेऊन दिला. आई म्हापशाच्या बाजारात माठ घेताना वाकवलेल्या बोटाने टकटक करते, खणखणीत आवाज आला तर घेते, बद्द आला तर बाई कितीही भाव कमी करो, पुढे जाते. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून बघितली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती गोष्ट मला तिनेच सांगितलेली. तिने मगात चहा ओतायच्या आधी तो कानाशी धरला आणि वाजवला. बद्द. म्हणाली, "कानाच्या मुळाशी केस गेलाय बघ." मी चष्मा लावून बघितलं, होता, केसाएवढा. मी तो मग आठवडाभर बघत होते. तिने त्यात तुळशीच्या मंजिऱ्या वाळवून ठेवल्यात. तेव्हापासून माझं प्रत्येक भांडं भट्टीतून आलं की आधी वाजवते, मग बघते, तुम्हीही तसंच करा.

आवराआवर

वाळलेल्या मातीची धूळ झाडू नका, त्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते. ओल्या स्पंजने पुसायची. नखं कापा, अंगठ्या काढा. हात धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप चोकअप होतो आणि घरमालकाशी बोलणी करावी लागतात. बादलीत ओता, रात्रभर ठेवा, वरचं पाणी झाडांना, खालचा गाळ आपला.

एकदा तरी डिचोलीला जाऊन कुंभाराचा हात बघा, फोटो काढायला नाही, नुसतं बसायला. मी बसले तेव्हा त्या आजोबांनी एका मोठ्या गोळ्याच्या टोकावर पणती काढली, दोऱ्याने कापली, दुसरी काढली, कापली, असं चालूच, आणि मधूनमधून शेजाऱ्याशी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलणं. पलीकडे घुमटं, म्हणजे आमची मातीची तालवाद्यं, वाळत ठेवलेली, चामडं चढवायच्या आधीची, एका बाजूला मोठं तोंड आणि दुसऱ्या बाजूला छोटं. चवथीला आपल्या मराठी आरत्यांना ज्या घुमटावर आपण गळा साफ करतो, ज्याला २०१९ मध्ये गोव्याचं हेरिटेज वाद्य म्हणून जाहीर केलं, ते आधी एक दोन्हीकडून उघडं मडकं असतं हे मी इतक्या आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. पूर्वी त्याला घोरपडीचं चामडं लावायचे, आता कायद्याने बंदी आहे म्हणून बकऱ्याचं. मी आजोबांना विचारलं हे करायला मला किती वर्षं लागतील. त्यांनी माझे हात बघितले, मग चेहरा, आणि मला पणत्या मोजायला लावल्या. १४० होत्या.

माझ्या बाल्कनीत सध्या दोन बादल्या आहेत, कापलेल्या, फुटलेल्या, वाळलेल्या सगळ्या मातीच्या. पूर्ण वाळू द्यायची आणि मगच पाणी घालायचं, अर्धवट ओली माती विरघळतच नाही, पूर्ण सुकी मात्र दहा मिनिटांत भसाभसा बसते. मग ढवळायचं, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या लादीवर पसरायचं, पाणी शोषलं गेलं की खरवडून मळायचं, लादीचे तुकडे आत जाऊ द्यायचे नाहीत. एक बादली शुक्रवारी पसरणार आहे. पाऊस लागला तर रविवारी.